दार नसलेला स्तूप

प्रिय ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार, आणि आईला एक पापा.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. फक्त माझा विषय नेमका कोणता, ते इथे विद्यापीठात अजून कुणाला कळत नाही. कलावाले मला तत्त्वज्ञानात ढकलतात, तत्त्वज्ञानवाले वास्तुकलेत. हसलीस ना?

आज वर्गात मी स्तूप शिकवत होते. एका मुलीने विचारलं, "आत जायचं दार कुठाय?" मी म्हटलं, "दार नसतंच. स्तूप आतून भरीव असतो, लोक बाहेरूनच प्रदक्षिणा घालतात." बोलता बोलता अडखळलेच गं. दर रविवारी फोनवर मी दुसरं काय करते? आईच्या गोळ्या, तिचा गुडघा, नळाचं पाणी, सगळ्याची चौकशी करते. तुझ्याभोवती फिरते आणि फोन ठेवते. तुझं विचारायची हिंमत होत नाही. तू खरं सांगितलंस तर मला परत यावं लागेल.

आणि इथल्या नोकरीची मुदत वाढवायला मी तुला न विचारताच हो म्हणून बसले आहे. रागाव, पण आईसमोर नको.

ताई, तू काही दगडाची नाहीस. रात्री झोप लागते का गं तुला?

उत्तराची भीत भीत वाट पाहणारी,
तुझी धाकटी