काचेपलीकडची टकटक

प्रिय डेक्लन,

तुला उगाच घाबरवायला नको म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मागच्या निलगिरीच्या झाडावर, वाळवीच्या वारुळात, कूकाबरा पक्ष्यांनी यंदाही बीळ कोरलंय. गेल्या वर्षीची मोठी पोरं अजून आईबापांजवळच आहेत, अंडी उबवायला, पिल्लांना भरवायला. ब्रिस्बेनला जाताना तू चिडवलं होतंस, "ताई, तू त्यातलीच! बस इथेच घरटं राखत." तेव्हा मी हसले होते.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आपला अभ्यास घ्यायची, तेव्हा सांगायची की कूकाबरांचं ते माणसासारखं खदाखदा हसणं आनंदाचं नसतं. पहाटे नि संध्याकाळी सगळं कुटुंब मिळून शेजाऱ्यांना बजावतं, ही हद्द आमची. आई गेल्यानंतरच्या या पहिल्या वसंतात त्यांतला एक पक्षी रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीवर चोच आपटायला लागला. विणीच्या दिवसांत काचेत स्वतःलाच पाहून त्यांना वाटतं, कुणी परका घुसलाय. पण बाबा म्हणाले, "नोरीन आलीय." मला थट्टाच वाटली. म्हटलं, "बाबा, तो प्रतिबिंबाशी भांडतोय." तर ते उसळले, "गप गं! तुझ्या आईला मी ओळखत नाही होय?" तेव्हापासून ते कठड्यावर खिम्याचा गोळा ठेवतात, आई ठेवायची तसाच, आणि तिला दिवसभराचं सगळं सांगतात. कुठली गाय लंगडतेय, टाकीत पाणी किती उरलंय, तुझा फोन आला की नाही.

परवा काचेवर रक्त दिसलं. चोच फुटली होती. काच झाकावी तर बाबांचं काय होईल, न झाकावी तर पक्षी मरेल, या विचारानं मला झोप लागेना. शेवटी काल दुपारी बाहेरून चादर बांधली. संध्याकाळी पक्षी आला, कठड्यावर जरासा बसला आणि झाडाकडे उडून गेला. तिथे ते सगळे एकदम हसले. हायसं वाटलं मला.

आणि मग टकटक ऐकू आली. बाबा आतून काचेवर बोटाचं पेर आपटत होते, कपाळ काचेला टेकवून. म्हटलं, "बाबा, जेवायला चला ना." मागे न वळता म्हणाले, "थांब ब्रिजी. ती उत्तर देईल."

डेक्लन, मी त्यांना तिथून हलवायला हवं होतं. नाही हलवलं. त्यांच्या मागे उभी राहून, श्वास रोखून, मीही कान देऊन ऐकत राहिले. म्हणून लिहितेय. पत्र मिळताच निघून ये.

तुझीच,
ब्रिजेट