ज्याचा केक, त्याची सुरी

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाच्या! दोन ट्रंका, एक गादी, क्रीमची नक्षी काढायच्या माझ्या नोझलांची पेटी आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे माझी लेक. पुढच्या महिन्यात सात वर्षांची होईल. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर आहे. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. बसमधून उतरल्या उतरल्या फुटपाथवर गिरक्या घेऊन तिने गावाला आपली ओळख करून दिली. एक म्हातारे गृहस्थ छत्री सावरत बाजूला झाले.

बेकरी चौकाच्या कोपऱ्यावर आहे. पुढे दुकान, मागे भट्टी, भट्टीला लागून आमच्या दोन खोल्या. भिंत कायम कोमट असते, हिवाळ्यात मजा आहे. वरच्या मजल्यावर मालकीणबाई राहतात. साठीच्या, पांढरेशुभ्र केस, बोलणं लोण्यासारखं. भट्टीवाले काका मात्र एकदा बोलायला लागले की पाव करपेल पण ते थांबणार नाहीत. मी मोठ्या हॉटेलात वर्षानुवर्षं नुसते क्रीमचे गुलाब काढले, असं सांगितल्यावर ते म्हणाले, इथे गुलाब कमी आणि माणसं जास्त काढावी लागतील.

काढीन की. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना आहोत. आता कुठे जरा पाय टेकायला जागा मिळाली.

शुक्रवार, ८ मार्च

काका बोलले ते खरं. या गावात काहीही झालं की केक लागतो. निवृत्त होणाऱ्या पोस्टमनसाठी पत्रांच्या पिशवीचा केक केला, वरून पिशवीची शिवणसुद्धा काढली. फुटबॉलच्या पोरांना कप मिळाला, त्यांचा हिरवा मैदानी केक केला. पोरांनी गोलकीपरचं डोकं कोणी खायचं यावरून मारामारी केली.

दुकानाचा एक नियम मात्र अजब आहे. ज्याचा केक, त्याची सुरी. केक ज्याच्यासाठी केला त्यानेच तो कापायचा, आणि इथेच, आमच्यासमोर. मगच घरी न्यायचा. काल एक बाई तापाने फणफणलेल्या नवऱ्याला शालीत गुंडाळून घेऊन आल्या. बिचाऱ्याचे दात वाजत होते, तरी त्याने सुरी धरून एक चीर दिलीच. मला हसू आवरेना. काकाही हसले, पण तोंडदेखलं. मालकीणबाईंनी मात्र केक कापला गेल्यावरच खुर्चीला पाठ टेकली.

असतात एकेकाची खुळं. पगार वेळेवर आणि हातात काम, आपल्याला आणखी काय हवं?

मंगळवार, १२ मार्च

आज मन लावून काम केलं. दर्शनी काचेत ठेवायला डमी केक केला. सगळ्याच बेकऱ्यांत असतो तसा: आत थर्माकोलचे गोल, वरून खरं आयसिंग. खायचा नाही, नुसता दाखवायचा. काचेत सध्या एकच जुना डमी आहे, त्यावर दोरीच्या उड्या मारणारी साखरेची मुलगी. मालकीणबाई रोज सकाळी मऊ ब्रशने तिच्यावरची धूळ झाडतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

नव्या डमीवर काय करू म्हणून विचारलं, तर त्यांनीच सुचवलं की तुझ्या लेकीलाच बसव, वाढदिवस जवळ आलाय, गोड दिसेल. काका असते तर त्यांनी दहा सूचना केल्या असत्या, पण ते मुलीच्या बाळंतपणाला गेलेत. भिंगरीला मी स्टुलावर उभं केलं. ती कसली स्थिर राहते! शेवटी गिरकी घेतानाचीच केली: पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, हात पसरलेले, एक पाय उचललेला, हसताना दिसणारी पडक्या दाताची खिडकी. टेकलेला पाय आयसिंगमध्ये पक्का रोवला.

माझी मीच बघत बसले. इतकं जिवंत काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मालकीणबाईंनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. इतकं कौतुक मला कोणी केलं नव्हतं.

रविवार, १७ मार्च

गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं होताहेत. त्याचा मोठा केक आपल्याकडे आलाय: अख्खी इमारत, खिडक्या, जिना, दारातला आळशी कुत्रासुद्धा. सात एप्रिलला समारंभ आहे, नेमका भिंगरीच्या वाढदिवशी. एवढा मोठा केक दुकानात कापणं शक्य नाही, म्हणून या वेळी मालकीणबाई आणि काकाच तिकडे जाऊन समोर उभे राहणार.

भिंगरी जेवत नाहीये. नवी शाळा, नवी बाई, धास्ती घेतली असेल. पोट भरलंय म्हणते. दोन दिवस गिरकीसुद्धा नाही. घर इतकं शांत की मलाच करमेना.

बुधवार, २० मार्च

काका परत आले. नातू झाला म्हणून पेढे… नाही, बिस्किटं वाटत आत आले, आणि काचेकडे लक्ष जाताच हातातला ट्रे खाली पडला. मला विचारलं, हे कोणाच्या सांगण्यावरून केलं? मी मालकीणबाईंचं नाव घेतलं. ते तसेच वर गेले. त्यांचा चढलेला आवाज खालपर्यंत येत होता, शब्द कळले नाहीत. खाली आले ते माझ्याकडे न बघता भट्टीशी जाऊन बसले. दिवसभर तोंडातून अक्षर नाही.

काका गप्प बसले याचीच मला भीती वाटली.

शुक्रवार, २२ मार्च

भिंगरीच्या खिडकीत नवा दात डोकावत होता. मी स्वतः बघितला होता, बोटाला लागायचा. आज नाहीये. हिरडी सपाट. दात पडतो, पण उगवलेला परत आत जातो का कुठे?

डॉक्टरांकडे नेलं. त्यांना काही सापडलं नाही. वजन करताना काटा हललाच नाही, तेव्हा म्हणाले काटा बिघडलाय. मी हो म्हटलं. पण येताना तिला कडेवर घेतली होती, आणि मला माहीत आहे, काटा बिघडलेला नव्हता.

सोमवार, २५ मार्च

वेणी घालताना कंगवा तिच्या पाठीवर आपटला. टक् असा आवाज आला. पोकळ. मी बोटाने पुन्हा वाजवून बघितलं. ती वळून म्हणाली, आई, कोण आहे आत?

तिच्या केसांना व्हॅनिलाचा वास येतो. धुतले तरी जात नाही.

आता काय ते मला कळलंय. लिहायला हात धजत नाही.

मंगळवार, २६ मार्च

दुकान उघडायच्या आधी काचेत गेले. बाहुली उपटून काढायची, चुरा करून नळाखाली सोडायची, असं ठरवून. पाय जरासा हलवला मात्र, मागच्या खोलीतून भिंगरीची किंकाळी आली. धावत गेले तर पाऊल धरून बसली होती. तळव्याला भेग. रक्त नाही. आत पांढरं.

मीच रोवला होता तो पाय. पक्का. या हातांनी.

बुधवार, २७ मार्च

वर गेले. न विचारता दार ढकललं.

खिडकीशी खुर्चीत एक मुलगी बसली होती. बारा-तेरा वर्षांची, हातात दोरी. मालकीणबाई तिच्या पापण्यांवरची धूळ ब्रशने झाडत होत्या. म्हणाल्या, ही माझी ताई. मोठी बहीण.

मग सगळं सांगितलं, रडत रडत. त्यांच्या आईने हौसेने केलेला तो डमी. इथे जिच्यासाठी केक होतो तिने तो कापायचा. नाही कापला तर ती त्यातच राहते. आणि थर्माकोलचा केक कोण कापणार? ताईच्या हातात सुरी द्यायचा धीर आईला झाला नाही, यांनाही झाला नाही. कापल्यावर काय होईल कोणाला ठाऊक? आता यांचे दिवस भरत आले. आपल्यामागे ताईला मुंग्यांपासून, दमटपणापासून कोण जपणार? पगारी माणूस चार दिवसांनी निघून जातं. कधीच सोडून जाणार नाही असं कोणीतरी हवं होतं.

म्हणजे मी.

मी हात उगारला होता. ताईची नजर माझ्याकडे वळली, आणि माझा हात खाली आला. मालकीणबाईंनी एक नवा ब्रश माझ्यापुढे धरला. माझ्यासाठी आणून ठेवला होता.

शुक्रवार, २९ मार्च

डमी खोक्यात घातला, मांडीवर घेतला, भिंगरी शेजारी. सकाळची बस. गावाबाहेरचा रस्ता खराब. पहिल्याच खड्ड्याला खोक्यात कट्ट झालं आणि तिच्या गालावर केसाएवढी रेघ उमटली. दुसऱ्या खड्ड्याला ती ओठापर्यंत आली. ओरडून बस थांबवली. दोघींना घेऊन चालत परतले — एक या हातात, एक त्या हातात. दोघींचं वजन सारखंच.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

काकांनी आयसिंग कालवून दिलं. गालाची रेघ मी बुजवली. बाहुलीच्या. तिचीही बुजली. काका म्हणाले, बाई, मी त्या दिवशी इथे असायला हवं होतं. एवढंच म्हणाले.

मंगळवार, २ एप्रिल

झोपत नाही. जेवत नाही. बसवली तिथे बसते. हसते. गिरकी घे म्हटलं तर म्हणते, घेतेच आहे की, आई —

गुरुवार, ४ एप्रिल

काचेत मुंगी. एकच. मारली.

तिने मान खाजवली.

शनिवार, ६ एप्रिल

आणखी मुंग्या. डमी पाण्याच्या परातीत ठेवला तरी कुठून येतात —

मी साठीची होईन, सत्तरीची होईन. ही अशीच. मग हिच्या पापण्या कोण झाडणार? दुसऱ्या कोणाची लेक — हा विचार माझ्या मनात आला. माझ्या! मालकीणबाईंसारखा!

नाही. उद्या तिचा वाढदिवस आहे. उद्या कापायचा.

रविवार, ७ एप्रिल

गाव सगळं वाचनालयात, केकबरोबर मालकीणबाई आणि काकाही. इथे कोणी नाही. बँडचा आवाज येतोय.

तिला विचारलं. भीती वाटते का? म्हणाली, केक कापायची कसली भीती?

सुरी गरम करून तिच्या मुठीत दिली. वरून माझी मूठ. वही शेजारी आहे, डाव्या हाताने लिहितेय. कोणाला मिळाली तर — डमीवर आपलं माणूस बसवू नका. कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी —

आयसिंग फुटलं. सुरी आत गेली. ती हसतेय. गुदगुल्या होतात म्हणते. हसतेय!

हात गरम लागतोय तिचा. गरम. देवा — बोटं जड झालीत —

तिकडे टाळ्या. त्यांचा कापला गेला असेल.

अडकली. निम्म्यावर. जोर लावला, जात नाही. मागेही येत नाही. थर्माकोल करकरतंय. ती हसायची थांबली. अर्धा हात गरम आहे, अर्धा —

काका! काकांना हाक — ऐकू नाही जात, बँड —

ती माझ्याकडे बघतेय. विचारतेय, आई, दाबू की काढू? आई, सांग ना लवकर, दाबू की