माळेतली मधली पुतळी

अंबाजोगाई, शनिवार, १२ नोव्हेंबर १९९४

घाईघाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं.

सासूबाईंची पुतळ्यांची माळ सकाळी दत्तोबा सोनारांकडे मोडायला दिली. सुनेला केबलवर पाहिलेला नाजूक सेट हवाय, आणि मलाही ती माळ जुनाटच वाटायची. दुपारी भाची आली. कोकणच्या किनाऱ्यावर ती पोर्तुगीजांची जुनी वखार खणतेय. तिथे सापडलेल्या व्हेनिसच्या नाण्याचा फोटो तिने दाखवला. एक संत उभा, त्याच्यापुढे एकजण गुडघे टेकलेला.

"अगं, ही तर आमच्या माळेतली मधली पुतळी!"

तशीच धावले. बाकीच्या पुतळ्या मुशीत वितळून गेलेल्या.

"वहिनी, दम खावा. ही एक ठिवली हाय बाजूला," दत्तोबा म्हणाले. "हिच्यावर म्हातारीचं कुंकू हाय. देवीचं कुंकू मुशीत कसं घालू? तुमी कॉन्व्हेंटातल्या, तुमाला काय त्याचं!"

टोमणा खरा होता. दर महालक्ष्म्यांना सासूबाई त्या संताला लक्ष्मी समजून कुंकू लावायच्या. शाळेत सिस्टरांनी संतांची इतकी चित्रं दाखवली, तरी मी कधी वाकून पाहिलं नाही. कसं नाही पाहिलं? सासूबाईंनी पाहिलं. चुकीचं, पण पाहिलं.

कुंकू घासून काढू का, विचारलं तर भाची ओरडलीच, "आत्या, हात लावू नकोस! समुद्रापलीकडचं नाणं अंबाजोगाईत कसं नांदलं, ते कुंकूच सांगतंय."

सुनेला भीतभीतच म्हटलं, एक पुतळी कमी झाली, सेट हलका होईल.

"होऊ द्या, आई. पुढच्या महालक्ष्म्यांना हिला कुंकू मात्र मी लावणार."