कांदा, एक नग

विषय : मंगळवार, दिनांक ११ मार्च रोजी सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी माझ्या दारात आलेला एक कांदा.

शनिवार, १५ मार्च

तीर्थरूप वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे तो उभ्यानंच घातला आहे, पण भाव साष्टांगच आहे.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? तुमची लाडकी कुत्री गेली त्याला या महिन्यात तीन वर्षं झाली, हे माझ्या लक्षात आहे. तिच्यानंतर दुसरं जनावर घरात आणणार नाही असं तुम्ही म्हणालात आणि शब्द पाळलात, याचं मला कौतुक वाटतं. तुमच्या केसांबद्दल तर काय विचारायचं! जानेवारीत तुम्ही आलात तेव्हा जिन्यातल्या तीन बायकांनी मला विचारलं, ही तुमची धाकटी नणंद का? शहात्तराव्या वर्षी असे केस केवळ मनःशांतीनं राहतात, असं तुम्ही त्यांना सांगितलंत. (मला मनःशांती कधी लाभली नाही, आणि माझे केस कसे आहेत ते तुम्ही पाहताच.)

वर विषय लिहिला म्हणून रागावू नका. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली; विषय लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. शिवाय 'कॉन्व्हेंटात शिकलेली आहे, मराठीत चार ओळी धड लिहिता यायच्या नाहीत' असं तुम्ही माझ्या लग्नाच्या दिवशी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला होतात. कृपया ओळी मोजाव्यात.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचं किराणा दुकान तुम्हांला ठाऊक आहे. त्याच्या मालकाला सगळे दुकानदारकाका म्हणतात. मी 'नऊशे पंच्याहत्तर' म्हणते. एकतीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्यांचं दुकान तपासलं, तेव्हा त्यांचं एक किलोचं वजन नऊशे पंच्याहत्तर ग्रॅम भरलं होतं. ते म्हणाले, झिजलंय. मी म्हटलं, झिजवलंय. (माझ्या अहवालात 'दोन्ही शक्य' असं आहे. मी अन्याय करत नाही.) पुढे योगायोगानं आम्हांला त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. तेव्हापासून मी त्यांच्याकडून काहीही घेतलं, तरी ते शेवटी पिशवीत एखादी मिरची नाहीतर एखादं लिंबू वरून टाकतात आणि म्हणतात, "हे तुमचे पंचवीस ग्रॅम." मीही निवृत्तीनंतर पर्समध्ये पाचशे ग्रॅमचं पितळी वजन बाळगते आणि रोज सकाळी दहा वाजता खरेदीआधी त्यांचा काटा तपासते. ते हात बांधून उभे राहतात. "पास का, बाई?" "आजच्यापुरते," मी म्हणते. तुमचे बंधू गेल्यापासून दिवसातलं माझं पहिलं भांडण हेच. ते झालं, की दिवस सुरळीत जातो.

तर रविवारी, १६ फेब्रुवारीला, मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. दुकानाचं मागचं दार तिथंच उघडतं. नऊशे पंच्याहत्तर आतून बायकोला ओरडून सांगत होते, "बाई... एक नग आहे, जपून..." आणि पुढचं वाक्य कुणाच्या तरी स्कूटरनं खाल्लं. वन्सं, नग हे एकक आहे हे मला कुणी शिकवायला नको. चौतीस वर्षं मी तो शब्द अर्जांवर लिहिला. पण माणसाला नग म्हणतात तेव्हा ते एकक नसतं. आणि वर 'जपून'! मी काय चावते? मी तिथल्या तिथे मागे फिरले, तीन मजले चढले, आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही अशी शपथ घेतली. (साक्षीदार कुणी नव्हतं, म्हणून ती जास्तच कडक घेतली.)

आधी मी चौकातल्या मोठ्या सुपरमार्केटात गेले. काय तो थाट! शवागारासारखा गारवा, चाकांची टोपली (माझी एकाच बाजूला ओढत होती, तुमच्या बंधूंसारखी), आणि वजन आपलं आपण करायचं. सवयीनं मी माझं पितळी वजन त्यांच्या यंत्रावर ठेवलं. यंत्रानं विचारलं, कोणती भाजी? पडद्यावर चोवीस भाज्यांची चित्रं होती, पितळेचं नव्हतं. आकारानं जवळचं म्हणून मी बीट दाबलं. यंत्रानं चिठ्ठी काढली : 'ताजे बीट, ४९८ ग्रॅम'. म्हणजे दोन ग्रॅम कमी! मी व्यवस्थापक बाईंना बोलावलं. पोरगी गोड होती. तिनं चिठ्ठी वाचली, माझ्या वजनाकडे न बघता मला समजावलं, "मॅम, बीट ठेवल्यावर थोडं सुकतं." अशा ठिकाणी भांडायचं तरी कुणाशी? तासभर मी चार रांगा फिरले. कुणी 'आज इतका रवा कशाला?' म्हणून विचारलं नाही, कुणी 'हे नका घेऊ, मागच्या वेळी तुम्हांला आवडलं नव्हतं' म्हणालं नाही. बाहेर आले तेव्हा तोंडाला कुलूप घातल्यासारखं वाटत होतं.

तेव्हा तुमचा फोन आठवला. तुम्ही नवा घेतलात आणि जुना मला देऊन, त्यावरचं किराण्याचं ॲप दाखवून म्हणालात, "जग कुठं गेलं आणि तू अजून जिने उतरतेस!" तीन आठवडे कपाटातल्या डब्यांवर काढले होते, दूधब्रेड तेवढा सुपरमार्केटातून. सोमवारी संध्याकाळी चष्मा लावून बसले आणि तीन वस्तू मागवल्या. कांदे : १. लिंबं : ६. आणि माझी हिरवी चौकोनी साबणाची वडी, जिनं मी चाळीस वर्षं डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ करत आले. आता मला सांगा, पृथ्वीच्या पाठीवर कांदे वजनावर विकतात आणि लिंबं मोजून, हे कुणाला ठाऊक नाही? या ॲपला. तिथं कांदे नगावर होते आणि लिंबं किलोवर, आणि ते मुंगीच्या अक्षरांत खाली लिहिलेलं होतं. (एककाचं अक्षर बारीक छापलं म्हणून मी आयुष्यात दोनशे अकरा लोकांवर कारवाई केली. ते सगळे मंगळवारी कुठंतरी खदाखदा हसले असणार.)

नऊ बेचाळीसला घंटा वाजली. दारात माझ्याहून दोन-तीनच वर्षांनी लहान असे टकले गृहस्थ, धापा टाकत, हातात दोन जड पिशव्या आणि बगलेत कुकर मावेल एवढं खोकं. म्हणाले, ओटीपी सांगा. मी म्हटलं, बँकेनं तो कुणालाही सांगू नका म्हणून बजावलंय. ते म्हणाले, मी कुणीही नाही, मी सामानवाला. मी म्हटलं, चोरही तेच म्हणेल. ते म्हणाले, चोर लिंबं घेऊन तीन मजले चढेल का? मुद्दा बिनतोड होता, तरी मी पाणी देऊन त्यांना बसवलं आणि अकरा मिनिटं विचार केला. शेवटी तेच म्हणाले, "बाई, सांगू नका, लिहून द्या. म्हणजे तुम्ही सांगितलं असं होणार नाही." असा माणूस खात्यात असता तर कुठल्या कुठे गेला असता.

खोकं उघडलं. आत कागद, कागदाच्या आत फुगे आलेलं प्लास्टिक, प्लास्टिकच्या आत आणखी कागद, आणि मधोमध, राजघराण्यात जन्मल्यासारखा, एक कांदा. पावती : 'कांदा, एक नग'. पिशव्यांत लिंबांच्या एकेक किलोच्या सहा जाळ्या. आणि हिरव्या वडीऐवजी एक गुलाबी वडी आणि चिठ्ठी : 'मागवलेली वस्तू उपलब्ध नाही. तुमच्या पूर्वीच्या खरेदीनुसार समतुल्य वस्तू पाठवत आहोत.' वेष्टनावर लांब केसांची कुत्री बसलेली होती, जीभ बाहेर काढून. ही वडी मी पुरावा म्हणून कपाटात ठेवली आहे.

मी तक्रारीच्या क्रमांकावर फोन केला. आधी वीस मिनिटं संगीत. मग एक मुलगी म्हणाली, तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. मी म्हटलं, कांद्याबद्दल आहे. तिनं विचारलं, कांदा खराब निघाला का? मी म्हटलं, नाही, एकटा निघाला. ती म्हणाली, "तसा पर्याय आमच्याकडे नाही, मॅम."

फोन ठेवला आणि तो कांदा टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. वन्सं, खरं सांगते (तुम्ही हसाल, हसा), मला त्याची दया आली. एवढ्या मोठ्या खोक्यात, एवढ्या थाटात, आणि बरोबर कुणी नाही. तेवीस दिवसांत मला 'कशाला हवंय?' असं एका माणसानं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला मी लिंबांच्या पिशव्या घेऊन खाली उतरले. शपथ मोडायला नव्हे. जाळ्यांवर एक किलो छापलेलं होतं, ते तपासणं माझं कर्तव्य होतं, आणि या भागात मला भरवशाचा काटा एकच माहीत आहे. दुकानात गेले, कुणाकडे न बघता म्हटलं, "सहा जाळ्या आहेत. वेगवेगळ्या तोला." नऊशे पंच्याहत्तरांनी पहिली जाळी ठेवली. काटा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काट्याकडे. दुसरी ठेवली. तिसरी. सहाच्या सहा जाळ्या, वन्सं, प्रत्येकी नऊशे पंच्याहत्तर ग्रॅम! ते गृहस्थ साखरेच्या पोत्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "बाई, झिजलंय का झिजवलंय?" मी गंभीर राहण्याचा प्रयत्न केला. 'दोन्ही शक्य' असं म्हणायला तोंड उघडलं आणि माझंच हसू फुटलं.

मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस कुठं होता?" मी सांगितलं. स्पष्ट सांगितलं. मला नग म्हणालात, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. ते आत गेले आणि वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. वर त्यांच्या किरट्या अक्षरात चिठ्ठी : 'बाईंचा. एक नग.' आत माझी हिरवी वडी. कंपनीनं ती बनवायचीच बंद केली आहे म्हणे. त्यांच्याकडे शेवटची उरली होती आणि त्या रविवारी एक गिऱ्हाईक ती मागत होतं. "मी बायकोला ओरडून सांगत होतो, बाईंचा एक नग आहे, जपून ठेव, कुणाला देऊ नकोस!" आतून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि तेवीस दिवस मला त्या फळीला हात लावू दिला नाही यांनी."

चौतीस वर्षं नग मोजले, वन्सं, आणि एक ऐकण्यात चुकले. एका 'चा'चा फरक! मी पर्स उघडली आणि त्यांचा काटा तपासला. पास होता. मग त्यांच्या सौभाग्यवतींनी मोठ्या पातेल्यात लिंबं पिळली आणि समोरचा शिंपी, इस्त्रीवाला, येणारंजाणारं गिऱ्हाईक, सगळ्यांना फुकट सरबत वाटलं. मी स्टुलावर बसून साखर किती घालावी यावर चौघांशी वाद घातला. निघताना मी त्या एकट्या कांद्याची गोष्ट सांगितली. नऊशे पंच्याहत्तरांनी पोत्यातून एक कांदा निवडला, हातात तोलून पाहिला आणि माझ्या पिशवीत टाकला. "त्याला सोबत. हे तुमचे पंचवीस ग्रॅम." (निदान शंभर होते. पण मी बोलले नाही.)

सारांश, हा सगळा अनर्थ तुमच्या फोनमुळे झाला. किराणा जिना उतरूनच आणावा आणि तुमचं ते ॲप निव्वळ थोतांड आहे, हे तुम्ही मला लेखी कबूल करावं. फोनवर नव्हे. कागदावर, सहीनिशी, शुक्रवार, दिनांक २१ मार्च, सायंकाळी पाचच्या आत.

तुमची आज्ञाधारक (तुम्ही दूर असताना),
भावजय

ता. क. : वर उल्लेखिलेल्या पुराव्याबद्दल एक दुरुस्ती. गुलाबी वडीचं मूळ वजन शंभर ग्रॅम, आज सकाळी सदुसष्ट भरलं. मंगळवारी आंघोळीचं पाणी तापून निवत चाललं होतं आणि तक्रारीच्या फोननंतर डोकं इतकं तापलं होतं, की ते धुणं भागच होतं. तेव्हापासून रोज धुते आहे. गुरुवारी नऊशे पंच्याहत्तरांच्या सौभाग्यवतींनी माझ्या केसांना हात लावून विचारलं, बाई, काय लावता? मी म्हटलं, मनःशांती.

ता. क. दुसरा : हिरवी वडी मी फोडणार नाही. ती चिठ्ठीसकट कपाटात राहील. तेव्हा मला गुलाबी आणखी दोन हव्या आहेत आणि नऊशे पंच्याहत्तर ती ठेवत नाहीत. (त्यांना यातलं अवाक्षर कळता कामा नये.) ॲपवर त्या कशा मागवायच्या ते सविस्तर कळवा. दोन नग, वन्सं. किलो नव्हे. ॲपवर त्या वडीला सवलत आहे, ती शुक्रवारी पाचला संपते.

ता. क. तिसरा आणि महत्त्वाचा : तुमच्या या फोनमध्ये 'पूर्वीची खरेदी' म्हणून एक पान आहे. लांब केसांच्या कुत्र्यांचा साबण, दोन नग, दर महिन्याला. शेवटची खरेदी गेल्या डिसेंबरात. कुत्री जाऊन तीन वर्षं झाली. खुलासा लेखीच हवा. मुदत तीच.