मावशीला विकण्याचा माझा नियम

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. खोकला गेला का? प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत मफलर गुंडाळून बसत जा. हसणाऱ्यांना हसू दे.

आमच्या गाईंच्या शेपटीचे केस तपासून तू पाठवलेले आनुवंशिक गुण पोचले. गोठ्याच्या भिंतीवर मी स्वतः रंगवलेला नियम तुला ठाऊक आहेच : गुण कमी, ती गाय विक्रीला. (नियमाला नातीगोती नसतात, हे तुझ्या मेहुण्यांना मी लग्नापासून ऐकवते आहे.) सर्वांत कमी गुण आपल्या मावशीला. दूध बेताचे, आयुष्य बेताचे. नऊ वेतं झालेली ही गाय तुझ्या हिशेबाने केव्हाच जायला हवी होती. तिला ते कुणी कळवलेले दिसत नाही.

तरी नियम तो नियम. व्यापाऱ्याने तिला नेऊन आपल्या आवारात बांधले. दोन दिवसांत पुढे रवानगी. (पुढे कुठे, ते विचारायचे नसते.) दुपारी धारांची वेळ झाली. यंत्र घरघरत होते, झरोक्यातून उन्हाचे पट्टे उतरले होते, त्यांत भुसा तरंगत होता, आणि दाराशी सगळ्या गाई झोपेत असल्यासारख्या उभ्या. एक आत येईल तर शपथ! इतकी वर्षे मावशी पुढे, बाकीच्या मागे. तुझ्या तक्त्यात कास, खूर, आयुष्य, सगळ्याला रकाना आहे. पुढे चालण्याला नाही. मी ओरडले, पेंड दाखवली, शेवटी (आईला कळवू नकोस) मावशीची घंटा स्वतःच्या गळ्यात अडकवून निघाले. तुझे मेहुणे म्हणाले, "अगं, जरा दमानं! मावशी एवढी तरातरा कधी चालली?"

मग दमाने चालले. मागून गाईंचे ऊबदार श्वास येत होते, घंटा हळूहळू वाजत होती, आणि वाटले, हा गोठा संपूच नये. उन्हाचा परिणाम असावा.

तुझी,
ताई

ता. क. मावशी परत आली आहे. दयामाया नव्हे, घंटेने माझी मान धरली.

आणखी ता. क. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर भिंतीवरचा नियम रोज मोठ्याने वाचतो. तरी "ही गाय दीर्घायुष्याच्या संशोधनासाठी राखून ठेवावी" अशी दोन ओळींची चिठ्ठी उलट टपाली धाड. सही वाचता येईल अशी कर.

शेवटचे. तिला सोडवायला मी पहाटे गुपचूप निघाले, तर धुक्यातून समोर तुझे मेहुणे तिला घेऊन येत होते. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही. मावशीने दाखवली.