रविवारी गर्दी नसते

१६ मे, शुक्रवार
दोह्याच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं. ईदच्या सुट्टीत फ्रान्स. पॅरिस नाही, पॅरिसला कोणीही जातं. एक छोटं खेडं, त्यात बाराव्या शतकातली अ‍ॅबी, म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ. भोवती जंगल, जंगलात पायवाटा. गावाचं नाव कोणाला सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही. कळलं तर पुढच्या वर्षी तिथे वडापावची गाडी लागेल.

जूनअखेर माझा स्लाइड-शो ठरला. विषय: प्रवास कसा करावा. अध्यक्ष विजयकुमार म्हणाले, फार लांबवू नका. हा माणूस स्वित्झर्लंडमध्ये पाहिलेल्या एका गायीवर तासभर बोलला होता.

१९ मे
सुचित्राला आयफेल टॉवर बघायचाय. लग्नाआधीपासून म्हणे. मी म्हटलं, दोह्यात टॉवर काय कमी आहेत? ती उठून आत गेली. पटलं असावं. लेक पूर्णिमाने हेडफोन न काढता ‘व्हॉटेव्हर’ म्हटलं. दोघींची संमती धरली.

२३ मे
वरच्या मजल्यावरचा इब्राहीम लिफ्टमध्ये भेटला. रत्नागिरीचा, इथे अल मन्सूरा भागात दुकान. तोही बायकोला घेऊन फ्रान्सला चाललाय. पॅकेज टूर! पुढे झेंडा घेतलेला गाइड, मागे मेंढरं, दुपारी बिर्याणी. मी सांगितलं, पॅकेजवाले देश बघत नाहीत, हजेरी लावतात. तो हसला. म्हणाला, मैमुना दमते हो, बस बरी. कीव आली. त्याने टूरची पीडीएफ पाठवलीय. उघडली नाही.

२७ मे
ट्रेकचं ट्रेनिंग सुरू. बाहेर भट्टी पेटलीय, म्हणून मॉलमध्ये. नवे बूट चावतात. फूड कोर्टपर्यंत गेलो, बसलो. ट्रेक म्हणजे शेवटी चालणंच, वर एसी असो नाहीतर झाडं.

१ जून, रविवार. ऑफिस
तारखा फायनल. शनिवारी पॅरिसला उतरायचं, विमानतळाजवळ झोपायचं, रविवार-सोमवार खेडं, मंगळवारी परत. सगळं डोकं रविवारात आहे. शुक्र-शनि जग सुट्टीवर असतं, रविवारी कामाला लागतं. अ‍ॅबी रिकामी मिळणार. आज रविवार आहे आणि मी स्वतः ऑफिसात आहे. आणखी पुरावा काय हवा?

८ जून, रविवार. दुपार
स्टेशनवरून खेड्याची बस नाही. बोर्डावर आहे, रस्त्यावर नाही. एका म्हातारीला विचारलं. तिने काहीतरी सांगून हवेत कुलूप लावून दाखवलं. वेडसर असावी. चालत जायचं ठरवलं, जंगलातून. शेवटी आलो कशासाठी?

संध्याकाळ
ट्रॉली बॅगा जंगलासाठी बनवत नाहीत. कंपन्यांचा हलगर्जीपणा. सुचित्राच्या बॅगेचं चाक ओढ्यात गेलं. माझ्या दोन्ही टाचा सोलल्या. पोहोचलो तर बेकरी बंद, दुकान बंद, अ‍ॅबी बंद. कामचुकार देश! पूर्णिमा दगडावर बसून म्हणाली, “बाबा, इट्स संडे. दिस इज देअर वीकेंड.” मी म्हटलं, मला माहीत होतं. रात्रीचं जेवण: विमानातली बिस्किटं.

९ जून, सोमवार
आज इथे कसलासा सण. अ‍ॅबी आजही बंद. बाहेरून मात्र भव्य. खरा रसिक बाहेरूनच पाहतो, असं दोघींना समजावत होतो, तेवढ्यात बस आली. झेंडा उतरला. मागोमाग इब्राहीम. म्हणाला, “अरे मधुभाऊ, पीडीएफमध्ये हे गाव बघूनच आलात ना?”

त्यांच्या ग्रुपचं बुकिंग होतं. दार आतून उघडलं. मैमुनाभाभींनी सुचित्राच्या हातावर पराठे ठेवले. वर म्हणाल्या की आत चला, आणि बसमध्ये दोन सीटा रिकाम्या आहेत, संध्याकाळी आयफेल टॉवर आहे. सुचित्राने माझ्याकडे पाहिलं.

“मधु, आत तरी येतोस का?”

मी म्हटलं, झेंड्यामागे जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय बॅगा कोण सांभाळणार? ती थोडा वेळ थांबली. मग गेली. पूर्णिमाही गेली, पळतच.

दोघी बाहेर आल्या आणि बसमध्ये चढल्या. मंगळवारी विमानतळावर भेटू म्हणाल्या. सीटा दोनच होत्या. तिसरीची मी चौकशी केली नाही. पराठा थंड होता. सगळा खाल्ला.

१३ जून, दोहा
फोटो चाळले. माझ्याकडे बंद दाराचे पुष्कळ आहेत, वेगवेगळ्या उजेडात. मंडळाला ही खोली झेपायची नाही. सुचित्राला बोलायची संधी द्यायचं मोठ्या मनाने ठरवलं. तिने विजयकुमारांना आधीच फोन केला होता.

२७ जून, शुक्रवार
स्लाइड-शो झाला. हॉल भरला होता. इब्राहीम-मैमुना पहिल्या रांगेत. सुचित्रा इतकं बोलते, हे मला ठाऊक नव्हतं. टॉवरच्या फोटोत ती हसतेय. तसं हसलेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही.

लॅपटॉपवर स्लाइड बदलायचं काम माझ्याकडे होतं. अ‍ॅबी आतून आली. उंच खांब, निळी काच, काचेतून फरशीवर पडलेलं ऊन आणि त्या उन्हात पूर्णिमा, हेडफोन गळ्यात. सुचित्राला दोनदा ‘पुढची’ म्हणावं लागलं. मी बघत होतो.