ब्रेकर धाकट्याच्या घरातच बसवण्याबाबत

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक,
विद्युत निरीक्षण कार्यालय.

विषय : मागील अंगणातील लाँड्रीच्या शेडला स्वतंत्र अर्थिंग मिळणे व त्याचा ब्रेकर समोरच्या घरात बसवणे.

संदर्भ : दोनपैकी एक पर्याय निवडून कळवा, असे सांगणारे आपले पत्र.

महोदय,

१. समोरच्या घरात माझा धाकटा भाऊ राहतो व मागच्या शेडमध्ये मी आणि माझी पत्नी लाँड्री चालवतो. शेडला वीज त्याच्या मेन बोर्डावरून जमिनीखालच्या केबलने येते. गेल्या हिवाळ्यात त्याने स्वयंपाकघर नवे केले. कपाट बसेना म्हणून शेडकडे येणारी अर्थिंगची हिरवी वायर कारागिराने तोडली, टोकाला टेप गुंडाळली आणि वर फळी ठोकली. हे धाकट्याच्या देखत झाले. आम्हाला त्याने एका शब्दाने सांगितले नाही.

२. पुढे इस्त्रीत करंट उतरला व पत्नी ओल्या फरशीवर फेकली गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटे आता मिटत नाहीत. आमची आई लवकर गेली. धाकट्याला याच हाताने भरवून त्याच्या या वहिनीने मोठे केले. तो चौकशीला आला नाही. मी जाब विचारला तेव्हा दारातूनच म्हणाला, "दादा, तुझी इस्त्रीच जुनी, त्याला मी काय करू?" हे वाक्य माझ्या घशाखाली अजून उतरलेले नाही.

३. पर्याय पहिला, म्हणजे वायर पुन्हा जोडून त्याच्याच घरचे अर्थिंग वापरणे. शेजारच्या शिंप्याकरवी त्याने तसा निरोपही धाडला आहे. वरातीमागून आलेले हे घोडे मला नको. एकदा तोडणारा पुन्हा तोडणार नाही, अशी हमी आपले कार्यालय देत असल्यास लेखी द्यावी.

४. सबब पर्याय दुसरा, शेडजवळ स्वतःचे अर्थिंग व विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर, मंजूर व्हावा. अर्थिंगचा खड्डा मी स्वतः खणला आहे. रागाच्या भरात तो जरुरीपेक्षा खोल गेला, त्यास हरकत नसावी.

५. आता मुख्य मागणी. आपल्या वायरमनच्या मते ब्रेकर शेडमध्ये असावा, म्हणजे गळती झाल्यास फक्त शेड बंद पडेल. माझी विनंती की, तो धाकट्याच्या मेन बोर्डावर, सबंध घराच्या वाटेवर बसवावा. केबलचेही त्याने रक्षण होते, हे वायरमनला मान्य आहे. मात्र तो म्हणाला, "अहो काका, मग तुमच्या मशीनला जरा काही झालं की त्यांचं अख्खं घर अंधारात जाईल." मला नेमके तेच हवे आहे. आमचे धुलाई मशीन जुने आहे, दमट हवेत त्यात हमखास गळती होते. दुरुस्त करीन, पण सवडीने. तोवर त्याचा फ्रीज वितळावा, नवी शेगडी थंड पडावी, अंगाला साबण लावलेला असताना गीझर बंद व्हावा, ही माझी मनापासून इच्छा आहे. याचा तांत्रिक बाबींशी संबंध नाही, परंतु सरकारी कागदावर मी खोटे लिहीत नाही.

६. शेडची कळ मात्र शेडमध्येच असावी, त्याच्या बोर्डावर नसावी. नाहीतर परस्पर आमचीच वीज बंद करून तो मोकळा होईल.

७. पत्नीचे म्हणणे, "झालं गेलं, सोडा आता." अर्जावर तिची सही नाही. तिला ती आता करता येत नाही.

८. वरीलप्रमाणे व्यवस्था झाल्यास, घरात अंधार पडला की मशीन बंद करा हे सांगायला धाकट्याला अंगण ओलांडून आमच्या दारात यावेच लागेल. त्या वेळी मी जागचा हलणार नाही. दार त्याची वहिनी उघडील. डाव्या हाताने.

आपल्या कार्यालयाशी तेवढा नम्र,
(सही)
मागच्या शेडमधला लाँड्रीवाला
दिनांक : ११ मार्च

सोबत : डॉक्टरांचा दाखला. अंगणाचा नकाशा (घर ते शेड हे अंतर कोणालाही सहज चालत येण्याजोगे आहे, हे दिसावे म्हणून).